शेवटच्या आठ रकान्यांची गोष्ट

पंचकार्डांच्या काळात काम केलेल्या मंडळींच्या आठवणी मी गेली काही वर्षे टिपून घेतो आहे. त्यांत एक किस्सा हमखास असतो. रात्र जागून भोके पाडलेली कार्डे, खोक्यात असा दोनेक हजारांचा ऐवज, अरुंद जिना आणि निसटलेला हात. पत्त्यांचा कॅट पिसावा तसा सगळा प्रोग्रॅम पिसला जातो. सांगणारा हसतो, मीही हसतो. मग विचारतो, ‘पुन्हा लावलीत कशी?’

उत्तर कार्डाच्या उजव्या टोकाला आहे. आयबीएमच्या नेहमीच्या कार्डावर ८० उभे रकाने असत. फोरट्रान भाषेत पहिले पाच विधानाच्या क्रमांकासाठी, सहावा मागची ओळ पुढे चालू असल्याच्या खुणेसाठी आणि ७ ते ७२ प्रत्यक्ष विधानासाठी. सहाव्याने पुष्कळांना छळले. विधान एक घर अलीकडे सुरू झाले, की यंत्र ते मागच्या ओळीचे शेपूट समजे! ७३ ते ८० या आठ रकान्यांकडे मात्र यंत्र ढुंकूनही पाहत नसे. तिथे लोक कार्डांचे अनुक्रमांक घालत. खोके पडलेच, तर कार्डे छाननी यंत्रातून काढायची. ते एका फेरीत एकाच रकान्यानुसार कार्डे वेगळी करी. आधी एकक, मग दशक, मग शतक. चार आकडी क्रमांक असेल तर चार फेऱ्यांत गठ्ठा पूर्ववत. एवढा उरक नसलेले लोक गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर पेनाने तिरकी रेघ ओढून ठेवत. रेघ तुटली, की कार्ड हलले.

हे रकाने अशा अपघातांसाठीच राखले होते, असे काही जण सांगतात. खरे कारण वेगळे आहे. १९५७ साली फोरट्रान आली ती आयबीएम ७०४ या संगणकासाठी. त्याचा एक शब्द ३६ बिटांचा, आणि कार्डाची एक आडवी ओळ दोन शब्दांत वाचली जाई. छत्तीस दुणे बहात्तर. उरलेले आठ रकाने हिशेबात बसलेच नाहीत.

१९६४ साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० आला. त्याचा शब्द ४८ बिटांचा. मूळ अडचण तिथे उरली नव्हती, तरी बहात्तरची मर्यादा भाषेच्या पाठोपाठ आलीच. घर बदलले तरी सासूबाईंची शिस्त सुटू नये, तशी.

संगणकाच्या इतिहासात वेगाचे आणि स्मृतीचे आकडे जपले जातात. किस्से गंमत म्हणून सोडून दिले जातात. पण यंत्राने टाकून दिलेली जागा माणसांनी स्वतःच्या धांदलीची सोय म्हणून कशी वापरली, हे त्या किश्शांमुळेच कळते, आणि सांगणारी माणसे आता थकली आहेत. घरातल्या जुन्या पुस्तकात असे कार्ड खुणेला घातलेले सापडले, तर रद्दीत देऊ नका. आधी उजवे टोक पाहा. तिथे आकडे दिसले, तर कुणीतरी जिना उतरण्यापूर्वीच पुढचा विचार केला होता.