पन्नास सह्यांचं मुख्त्यारपत्र

तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून मी लोकांचे अर्ज लिहितो. कुणाची पाणंद अडवलेली असते, कुणाचं रोहित्र जळालेलं, कुणाची निराधार पेन्शन थांबलेली. कचेरीत दाद लागली नाही की माणूस आमदाराच्या नावानं अर्ज लिहायला सांगतो आणि उठताना विचारतो, "साहेबांचं उत्तर येईल ना?" हा प्रश्न ऐकला की मला पुण्याची सार्वजनिक सभा आठवते.

ती स्थापन झाली 2 एप्रिल 1870 रोजी. पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल लोकांत नाराजी होती, तिथून विषय निघाला. पुढाकार वकील गणेश वासुदेव जोशी यांचा, म्हणजे सार्वजनिक काकांचा. त्या काळी रयतेला मत नव्हतं. मुंबईच्या कायदे कौन्सिलात गव्हर्नर नेमील तो बसे. अशा वेळी सभेनं नियम केला, की निदान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुख्त्यारपत्र आणील त्यालाच सभासद करायचं. सुरुवातीच्या 95 सभासदांमागे अशी 6000 माणसं उभी होती. शेताच्या दाव्यासाठी लिहून द्यायचा तो कागद या लोकांनी सार्वजनिक कामासाठी लिहून दिला. माझ्या मते सभेचं सगळं बळ या एका नियमात होतं. तुम्ही कोणाच्या वतीनं बोलता, असं कलेक्टरानं विचारलं तर दाखवायला सह्या होत्या.

पण सभेनं नुसत्या सह्यांवर भिस्त ठेवली नाही. हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चौकशी करायला पार्लमेंटनं समिती नेमली, तेव्हा सभेनं उपसमिती करून इथल्या लोकांच्या स्थितीची माहिती जमवली आणि 1873 मध्ये अहवाल छापला. लंडनमध्ये असल्या माहितीची कदर करणारा एक खासदार होता, हेन्री फॉसेट. दोन्ही डोळ्यांनी अंध, केंब्रिजला अर्थशास्त्राचा प्राध्यापक. तुर्की सुलतानासाठी लंडनमध्ये झालेल्या मेजवानीचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकला, तेव्हा त्यानं भर सभागृहात हरकत घेतली. 1874 मध्ये ब्रायटनमधून तो पडला. पुढच्या निवडणुकीसाठी त्याला हिंदुस्थानातून वर्गणी गेली. ज्यांना त्याला मत देता येत नव्हतं त्यांनी पैसे पाठवले, हे वाचताना आजही मला भरून येतं.

एका फॉसेटवर किती काळ विसंबायचं? 1875 मध्ये सभेनं पार्लमेंटकडे अर्ज केला, की हिंदुस्थानचे प्रतिनिधी तुमच्या सभागृहात थेट बसू द्या. ते झालं नाही.

सभा लिहीत राहिली. 1876 पासूनच्या दुष्काळात गावोगावची माहिती गोळा करून तिनं सरकारला कळवली. सार्वजनिक काका 1880 मध्ये गेले. 1896 च्या दुष्काळात सभा टिळकांच्या हाती होती. तेव्हा तिची माणसं खेड्यांत जाऊन दुष्काळी नियमांत काय लिहिलं आहे, शेतसाऱ्याची सूट-तहकुबी कधी मागता येते, हे रयतेला समजावून सांगू लागली. सरकारला हे सोसलं नाही. 1897 मध्ये मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट याच्या सरकारनं जाहीर केलं, की सार्वजनिक प्रश्नांवर सरकारला लिहिण्याचा सभेचा अधिकार यापुढे मानला जाणार नाही. सत्तावीस वर्षं अर्ज घेणाऱ्या सरकारनं दार लावलं ते सभा रयतेला तिचा हक्क सांगू लागल्यावर.