स्वयंचालक बिघडतो तेव्हा : विली पोस्टची पृथ्वीप्रदक्षिणा, १९३३

१/ स्वयंचालकाचा, म्हणजेच ऑटोपायलटचा, इतिहास बहुधा एका विजयी प्रात्यक्षिकापासून सांगितला जातो. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ, सीन नदीवर उडत्या विमानात लॉरेन्स स्पेरीने दोन्ही हात वर केले. त्याचा सहकारी पंखावर चालत गेला, तरी विमान समतोल राहिले. मात्र या यंत्राची खरी कसोटी १९ वर्षांनी लागली, आणि तीही ते बिघडल्यामुळे. #थ्रेड

२/ विली पोस्टने १९२६ साली तेलविहिरीवरील अपघातात डावा डोळा गमावला होता. तरीही १९३१ मध्ये हॅरोल्ड गॅटी या दिशादर्शकासह त्याने ८ दिवस, १५ तास, ५१ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. विमान होते लॉकहीड व्हेगा, नाव ‘विनी मे’.

३/ १९३३ मध्ये त्याने हाच प्रवास एकट्याने करण्याचे ठरवले. आता नकाशे पाहणे, दिशा ठरवणे आणि विमान हाकणे ही सारी कामे एकाच माणसाकडे आली. म्हणून विमानात स्पेरी कंपनीचा नवा स्वयंचालक बसवला गेला.

४/ त्याची रचना समजून घेऊ. हवेच्या झोताने फिरणारे दोन जायरोस्कोप, म्हणजे अतिवेगवान भोवरे : एक दिशा राखणारा, दुसरा क्षितिज राखणारा. विमान ढळले की हवेच्या दाबातील फरक एक झडप हलवी. मग दाबाखालील तेल दट्ट्या ढकली आणि सुकाणूच्या तारा ओढल्या जात. थोडक्यात : भोवरा जाणतो, हवा सांगते, तेल करते.

५/ १५ जुलै रोजी पोस्ट न्यूयॉर्कहून निघाला आणि न थांबता २५ तास ४५ मिनिटांत बर्लिनला पोहोचला. तोवर स्वयंचालक नादुरुस्त झाला होता. बर्लिनला दुरुस्तीचा प्रयत्न झाला, मॉस्कोत पुन्हा झाला. अखेरची दुरुस्ती सैबेरियातील इर्कुत्स्कला झाली.

६/ इतका अट्टहास का? कारण प्रश्न झोपेचा होता. डुलकीतून जाग यावी म्हणून त्याने पाना दोरीने बोटाला बांधला होता. हात सैल पडला की पाना घसरे आणि बोटाला हिसका बसे. परंतु त्या चार क्षणांत विमान सरळ ठेवणारे कोणीतरी हवेच. बिघडलेल्या यंत्रासह सैबेरिया ओलांडणे म्हणजे ती डुलकीही जिवावर बेतणारी.

७/ अलास्कात तो वाट चुकला. फ्लॅट या खाणवस्तीत उतरताना पंखा वाकला. तो बदलावा लागला. २२ जुलैला तो न्यूयॉर्कला परतला : ७ दिवस, १८ तास, ४९ मिनिटे. इतके थांबे घेऊनही दोघांच्या विक्रमापेक्षा सुमारे २१ तास कमी.

८/ आजच्या हलक्या द्विइंजिनी विमानांतही दोष शोधण्याची रीत मुळात हीच आहे. आधी स्वयंचालक बंद करून विमान हाती घ्यायचे. मग विचारायचे : जाणणारा भाग चुकतो की करणारा? कृत्रिम क्षितिजच कलले असेल, तर दोष जायरोत किंवा त्याला हवा पुरवणाऱ्या व्हॅक्यूम पंपात शोधावा. क्षितिज ठीक असूनही विमान ओढले जात असेल, तर संशय सर्व्होवर.

९/ दोन इंजिनांमुळे आणखी एक पेच उद्भवतो. एक इंजिन मंदावले की विमान त्या बाजूला वळू लागते. स्वयंचालक गुपचूप उलट जोर लावतो आणि दोष झाकून ठेवतो. त्याची ताकद संपली की तो सुटतो, आणि सारा भार अकस्मात वैमानिकाच्या हाती येतो. अशा वेळी बिघाड स्वयंचालकाचा वाटतो. असतो मात्र इंजिनाचा.

१०/ म्हणून १९१४ चे वर आलेले हात ही या कथेची अर्धीच बाजू. उरलेली अर्धी बर्लिन, मॉस्को आणि इर्कुत्स्कच्या धावपट्ट्यांवर घडली. यंत्राने वैमानिकाचे एक काम हलके केले आणि दुसरे सोपवले : यंत्र केव्हा खोटे बोलते, हे ओळखण्याचे.