बालकुष्ठरोगाचे निदान (पेण–रोहा)

मायकोबॅक्टेरियम लेप्री या जंतूमुळे बालकांच्या त्वचेस व मज्जातंतूंस जडणारा, वर्षानुवर्षे सुप्त राहून संथपणे प्रकटणारा संसर्ग ओळखण्याची रीत. नॉर्वेतील डॉ. हान्सेन यांनी १८७३ मध्ये हा जंतू दाखवून दिला. परंतु कृत्रिम माध्यमावर तो अद्यापि वाढविता आलेला नसल्यामुळे, गळवातील पुवावरून जसा इतर जंतूंचा निवाडा होतो तसा येथे होत नाही, आणि बरीचशी भिस्त वैद्याच्या डोळ्यांवर, बोटांवर व सबुरीवर राहते.

रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे पूर्वीच्या कुलाब्याच्या, दप्तरी या रोगाचे नवे रुग्ण आजही दाखल होतात. पेण-रोह्याकडे मुलाच्या गालावर फिकट डाग उठला की ‘जंत झाले असतील’ म्हणून घरचे स्वस्थ राहतात. पुष्कळदा तो निरुपद्रवीच असतो, कधी शिबे, नायटा वा कोडाचा आरंभ असतो, आणि म्हणूनच खरोखर बधिर असलेला एखादा चट्टा या गर्दीत निसटतो.

स्पर्शपरीक्षा घेताना मुलाला प्रथम उघड्या डोळ्यांनी सारा प्रकार दाखवावा, मग डोळे मिटवून चट्ट्यावर व भोवतालच्या निरोगी कातडीवर कापसाची बारीक वात आळीपाळीने टेकवावी, आणि स्पर्श कळेल तेथे त्याने बोट ठेवावे. सुई मुळीच वापरू नये. भ्यालेले मूल सगळीकडेच ‘लागलं’ म्हणते. चेहऱ्यावर मज्जातंतूंचे जाळे दाट असल्याने रोग असूनही तेथील संवेदना शाबूत राहू शकते. फार लहान मुलांत चट्ट्यावर घाम न येणे व कोपरामागील मज्जातंतू जाड लागणे यांकडे लक्ष द्यावे. कानाच्या पाळीतील त्वचारसात जंतू आढळल्यास निदान पक्के होते. तथापि बहुतेक मुलांत ते आढळत नाहीत, सबब केवळ तेवढ्यावरून रोग नाकारणे अनुचित होय.

संशय उरल्यास काही महिन्यांनी फेरतपासणी करावी लागते, आणि अडचण येते ती येथेच. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडी परततात; तेव्हा तारीख दवाखान्याच्या सोयीने न नेमता त्यांच्या परतीच्या वेळेनुसार नेमणे अगत्याचे आहे. मुलास संसर्ग बहुधा निकटच्या, उपचार न झालेल्या माणसाकडून होत असल्याने घरातील सर्वांची तपासणी त्याच वेळी व्हावी.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने, चट्टे मोजके असल्यास ६ व अधिक असल्यास १२ महिन्यांत, रोग बरा होतो. जिल्ह्यात या कार्यास पनवेलजवळील नेरे येथे शांतिवन चालविणाऱ्या कुष्ठरोग निवारण समितीची दीर्घ परंपरा लाभली आहे.