खुब्याचा सांधा आणि एक कबुली

गडमुडशिंगीसारख्या गावात मांडी घालून जेवावयास बसणे आणि बांधावरून चालत जाणे हे नित्याचे. खुब्यातील कूर्चा झिजली की प्रथम हेच थांबते. अशांना आज कृत्रिम सांधा बसविता येतो; त्यामागील इतिहास वाचकांनी जाणून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयाचे जॉन चार्नली यांनी १९५८ पासून टेफ्लॉनची वाटी वापरली. सुमारे ३०० रुग्णांवर उपचार झाले. परंतु काही वर्षांतच वाटी झिजली आणि तिच्या कणांपायी भोवतालचे हाड नष्ट होऊ लागले. चार्नली यांनी चूक झाकली नाही. रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया केल्या, टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून पाहिले आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये अधिक टिकाऊ पॉलिथिलीनकडे वळले.

पुढे याच्या उलटही घडले. एएसआर हा धातूवर धातू घासणारा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागविण्यात आला. भारतात त्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत तक्रार केली. तरी २०१८ मध्ये केंद्राच्या समितीचा अहवाल उघड झाला तेव्हाही ३,६०० हून अधिक रुग्णांचा ठावठिकाणा लागलेला नव्हता. धातूचे कण शरीरात. बातमी मात्र दारापर्यंतही नाही!

चूक कबूल करणारा हवा, तसाच ती कबुली ज्याला सांगायची तो सापडावयासही हवा. म्हणून खुबा बदलून घरी परतणाऱ्यांस आम्ही विनवितो : सांध्याचे नाव व क्रमांक असलेला कागद सातबाऱ्याइतकाच जपून ठेवा.