‘कार्निव्हल’ आणि ‘इंत्रुज’ : दोन नावे व त्यांचा इतिहास

१

उत्सवाचा इतिहास लिहू लागले की उगमाचा प्रश्न सर्वांत आधी पुढे येतो, आणि बहुधा तोच सर्वांत अधिक घोटाळा करतो. ख्रिस्ती उपवासकाळापूर्वी साजऱ्या होणाऱ्या कार्निव्हलसंबंधी असेच झाले आहे. हा उत्सव म्हणजे रोमन लोकांच्या सॅटर्नेलियाचा अवशेष होय, चर्चने नाइलाजाने पदरात घेतलेला जुना मूर्तिपूजक सण होय, असे मत एकोणिसाव्या शतकात बळावले व आजही ते निःशंकपणे मांडले जाते. गोव्याच्या संदर्भात त्याच विचारपद्धतीच्या दोन आवृत्त्या ऐकू येतात. कोणी म्हणतो, हा पोर्तुगिजांनी लादलेला परका सण. कोणी म्हणतो, हा आपला शिमगाच, केवळ वेश पालटलेला. दोन्ही पक्ष उगमावर बोट ठेवून आजच्या सणाची जात ठरवू पाहतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे शब्दांच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे; कारण सणाचे नाव ही पुष्कळदा त्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत निःपक्षपाती साक्ष असते.

२

‘कार्निव्हल’ या शब्दाच्या तीन व्युत्पत्ती सांगितल्या जातात. ‘कार्ने व्हाले’, म्हणजे ‘हे मांसा, तुला निरोप’, ही पहिली. ती मोहक आहे. पण शब्द रूढ झाल्यावर त्याला अर्थ चिकटविणाऱ्या लोकव्युत्पत्तीचाच तो नमुना आहे. दुसरी ‘कार्रुस नावालिस’, म्हणजे नौकारथ. मार्चच्या आरंभी इसिस देवीची नौका मिरवीत नेऊन समुद्रात सोडण्याचा विधी रोमन साम्राज्यात होता व अपुलेयसने आपल्या कादंबरीच्या अखेरच्या भागात त्याचे वर्णन केले आहे. या विधीशी कार्निव्हलचा संबंध जोडण्याचा मोह एकोणिसाव्या शतकातील जर्मन अभ्यासकांना झाला. परंतु हा सामासिक शब्द अभिजात लॅटिन वाङ्मयात सापडत नाही, आणि मध्ययुगीन कागदपत्रांत सणाच्या नावाचे जे जुने रूप आढळते, त्याच्याशी त्याचा ध्वनिदृष्ट्या मेळ बसत नाही. ते जुने रूप ‘कार्नेलेवारे’ असे आहे. त्याचा अर्थ ‘मांस दूर करणे’ असा सरळ असून हीच तिसरी व्युत्पत्ती ग्राह्य मानावी लागते.

एका शब्दावर सिद्धान्त उभारणे धोक्याचे असते. म्हणून शेजारच्या भाषांची साक्ष काढावी. स्पॅनिशमधील ‘कार्नेस्तोलेंदास’ म्हणजे ‘मांस उचलून ठेवण्याचे दिवस’. ग्रीक ‘आपोक्रिएस’ म्हणजे ‘मांसापासून दूर’. रशियन ‘मास्लेनित्सा’ हा ‘लोण्याचा आठवडा’. त्या आठवड्यात मांस वर्ज्य झालेले असते, पण दूध-लोणी अद्याप चालते. जर्मन ‘फास्टनाख्ट’ म्हणजे उपवासाची पूर्वरात्र. पोर्तुगीज ‘एंत्रुदु’ व गॅलिशियन ‘एंत्रोइदो’ हे शब्द लॅटिन ‘इंत्रोइतुस’ म्हणजे ‘प्रवेश’ यापासून आले. प्रवेश अर्थातच उपवासकाळात. अशा भिन्न कुळांतील भाषांनी एकमेकींची नक्कल न करता एकाच दिशेला बोट दाखवावे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. यांतील एकही नाव कोण्या देवतेचे, ऋतूचे किंवा पिकाचे नाही. सारी नावे उद्याच्या उपवासाकडे पाहून ठेवलेली आहेत.

३

जी गोष्ट नावांत दिसते तीच कालगणनेत दिसते. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढील रविवार हा ईस्टर. त्यापूर्वीचे सहा आठवडे उपवासाचे. पण रविवारी उपवास नसल्याने त्यांत प्रत्यक्ष उपवासाचे दिवस छत्तीसच भरतात. चाळिसांची संख्या पुरी व्हावी म्हणून पाश्चात्त्य चर्चने आरंभ चार दिवस मागे, बुधवारी नेला. तोच राखेचा बुधवार. त्यामुळे कार्निव्हलचा अखेरचा मंगळवार ३ फेब्रुवारी ते ९ मार्च यांच्या दरम्यान येतो. मिलानच्या धर्मप्रांताने आपला जुना अँब्रोझियन विधी सोडला नाही, म्हणून तेथे उत्सव आजही शनिवारपर्यंत चालतो. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे तर राखेचा बुधवार उलटून गेल्यानंतरच्या सोमवारी पहाटे चार वाजता त्याचा आरंभ होतो, आणि त्याचेही कारण परंपरेने जुनी गणनाच सांगितली जाते. उपवासाची सीमा जिथे सरकली तिथे उत्सवही सरकला. जिथे ती सरकली नाही तिथे तो जागीच राहिला. वस्तू हलताच तिची सावली हलावी, तसा हा संबंध आहे.

४

तथापि, उपवासामुळे सणाची वेळ ठरली, एवढ्याने सणात काय घडावे हे ठरत नाही. ते त्या त्या गावाच्या समाजरचनेने ठरविले. व्हेनिसमध्ये मुखवटे घालून अंडी फेकण्यास बंदी करणारा कायदा १२६८ चा आहे. म्हणजे मुखवट्याची आपल्याला जी जुनी नोंद मिळते ती त्याच्या निषेधाची आहे. न्यूरेंबर्गमध्ये १४४९ ते १५३९ या काळात ‘शेंबार्टलाउफ’ ही वेषधारी मिरवणूक निघत असे. ब्रॉयगेलने १५५९ साली कार्निव्हल व उपवासकाळ यांचे द्वंद्व एकाच चौकात रंगविले. चित्रात एकीकडे खानावळ आहे, दुसरीकडे चर्च आहे, आणि मधल्या गर्दीला दोन्हींकडे जायचे आहे.

रशियन समीक्षक बाख्तिन याने १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या राबलेविषयक ग्रंथात या हास्याला दबलेल्या लोकांची मुक्ती मानले. या मताचे मोल मोठे आहे. परंतु दोन उदाहरणे त्याला मर्यादा घालतात. रोममध्ये १४६६ साली दुसऱ्या पॉल पोपने कार्निव्हलच्या शर्यती व्हिया लाता या रस्त्यावर आणल्या. त्यांतील एक शर्यत ज्यू पुरुषांची होती, आणि त्यांची विटंबना पाहण्यासाठी गर्दी लोटत असे. १६६८ साली नवव्या क्लेमेंटने ती बंद केली, पण तिच्या जागी त्या समाजावर कर बसविला. हे हास्य दबलेल्यांचे नव्हते, ते त्यांच्यावर होते. उलट १५८० साली फ्रान्समधील रोमाँ या गावी कारागीर व शेतकरी यांनी सणाच्या सोंगांतूनच करांविरुद्धचा रोष प्रकट केला, तेव्हा गावातील प्रतिष्ठितांनी त्याच सणाच्या आडोशाने त्यांच्या पुढाऱ्याला ठार मारले. इतिहासकार लरुआ लादुरी याने १९७९ साली या घटनेवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. तेव्हा कार्निव्हल स्वभावतः बंडखोर नाही आणि स्वभावतः आज्ञाधारकही नाही. तो एक मोकळा केलेला चौक आहे. तेथे कोण उतरतो यावर सारे अवलंबून असते.

५

गोव्याकडे वळताना प्रथम नावच पाहावे. कोंकणीतील जुना शब्द ‘कार्निव्हल’ नसून ‘इंत्रुज’ आहे, आणि तो पोर्तुगीज ‘एंत्रुदु’वरून आला. खुद्द पोर्तुगालात व ब्राझीलमध्येही ‘एंत्रुदु’ हे जुने, गावरान नाव होते. पाणी व पीठ फेकण्याचा दांडगा खेळ असा त्याचा अर्थ. एकोणिसाव्या शतकात नागर वर्गाने फ्रेंच-इटालियन वळणाचा ‘कार्नाव्हाल’ जवळ केला आणि एंत्रुदुला असंस्कृत ठरविले. म्हणून गोव्यात या दोन शब्दांनी दोन थर दर्शविले आहेत. गावातला इंत्रुज म्हणजे पिठाच्या पुड्या, रंगीत पाणी आणि साष्टीतील वाड्यावाड्यांतून, घरांच्या अंगणांत होणारे ‘खेळ’. त्यांत गावच्या भाटकारापासून पाद्रीपर्यंत कोणाचीही थट्टा चाले. १८९२ साली मुंबईत पहिले ‘तियात्र’ रंगभूमीवर आले, तेव्हा गोमंतकीय ख्रिस्ती प्रेक्षकाला अशा खेळांची सवय आधीपासूनच होती. चांदर येथे, म्हणजे प्राचीन चंद्रपुरात, याच दिवसांत सोमवारी ‘मुसळ खेळ’ होतो. जमिनीवर मुसळे आपटीत ख्रिस्ती पुरुष नाचतात आणि ते एका जुन्या विजयाचे स्मरण मानतात. याउलट पणजीतील चित्ररथांची मिरवणूक व ‘किंग मोमो’ यांचा आजचा थाट १९६५ पासूनचा आहे. त्या वर्षी नगराध्यक्ष तिमोतेव फर्नांडिस यांच्या पुढाकाराने हा सण नव्या रूपात पुन्हा सुरू झाला. म्हणजे जो भाग सर्वांत ‘पोर्तुगीज’ वाटतो, तो पोर्तुगीज सत्ता १९६१ मध्ये संपल्यानंतरचा आहे. आणि मुसळ खेळासारखा जो भाग सर्वांत एतद्देशीय, तो ख्रिस्ती पंचांगाच्या आश्रयाने टिकला आहे.

मग इंत्रुज म्हणजे शिमगा काय? रंग, सोंगे, शिवराळ मोकळीक हे साम्य उघड आहे. पण भाषाशास्त्रात केवळ साम्यावरून जन्यजनकभाव सिद्ध होत नाही, तसा तो येथेही होत नाही. इंत्रुजचा मंगळवार चंद्राच्या हिशेबाने अमावास्येपासून शुद्ध चतुर्थी-पंचमीपर्यंतच्या सुमारास येतो. २०२५ साली तो ४ मार्चला, होळीपूर्वी नऊ दिवस आला. २०२४ साली मात्र १३ फेब्रुवारीला आला आणि होळी २४ मार्चला झाली. होळी सामान्यतः उपवासकाळातच पडते. शेजारी शिमगा खेळत असताना गोव्याच्या ख्रिस्ती माणसाचे दिवस संयमाचे असतात. खेळाची हौस दोघांची एकच असेल. पंचांगे मात्र दोन आहेत, आणि इंत्रुजने आपले पंचांग सोडलेले नाही.

६

खरे साम्य शोधायचे तर ते अन्यत्र आहे. श्रावण लागण्यापूर्वीच्या आषाढी अमावास्येला महाराष्ट्रात सामिष भोजनाची व मद्याची जी चंगळ होते, तिला लोक ‘गटारी’ म्हणतात. पंचांगात तीच दीप अमावास्या. अलीकडे ‘गटारी’ची व्युत्पत्ती ‘गत-आहार’ अशी सांगून शब्दाला सोवळे नेसविण्याचा प्रयत्न होतो. ‘कार्ने व्हाले’ची ही सख्खी बहीणच म्हणायची. या दोन सणांत उगमाचा काडीचाही संबंध नाही. संबंध आहे तो रचनेचा : जिथे समाज एखादा काळ संयमासाठी राखून ठेवतो, तिथे त्याच्या उंबरठ्यावर असंयमही आपली जागा मागून घेतो.

म्हणून ‘हा सण मुळात कोणाचा’ या प्रश्नाऐवजी ‘तो कशाच्या आधी येतो’ हा प्रश्न अभ्यासकाने विचारावा. आज पणजीत मिरवणुकीला गर्दी पुष्कळ असते. त्यानंतर येणाऱ्या बुधवारी कपाळावर राख लावून घेणारे त्यांतले थोडे. उपवासावाचून कार्निव्हल टिकेल, पण त्याचे नाव तेव्हा निरर्थक झालेले असेल. आणि नाव निरर्थक झाल्यावर सण कशाचा निरोप घेतो आहे, हे सांगणे कोणालाच शक्य होणार नाही.