मिनामाता: आईच्या ताटातील मासा आणि गर्भातील पारा

आईने खाल्लेल्या माशातील विष पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते का? गर्भाला पोसणारी वार असे विष अडवते, असा १९५०च्या दशकात डॉक्टरांचा सर्वसाधारण समज होता. जपानमधील मिनामाता या गावाने तो खोटा ठरवला.

तेथील चिस्सो कंपनी १९३२ पासून अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवत असे. उत्प्रेरक म्हणून पाऱ्याचे संयुग वापरले जाई. अभिक्रियेत थोडा मिथिल पाराही तयार होई आणि सांडपाण्यातून समुद्रात जाई. तेथून तो माशांत साठला आणि कोळ्यांच्या ताटात आला. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे डॉ. होसोकावा यांनी एका अज्ञात मेंदूविकाराची माहिती आरोग्य खात्याला दिली. १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठातील संशोधकांनी सेंद्रिय पारा हे कारण सांगितले.

गावात जन्मापासूनच अपंग असलेली मुलेही होती. त्यांनी मासे खाल्लेले नव्हते, म्हणून त्यांना मेंदूचा पक्षाघात झाला आहे असे ठरवले गेले. डॉ. मासाझुमी हारादा यांना एका आईने सांगितले, की तिच्या दोन्ही मुलांचा आजार एकच आहे. धाकट्याने नाही, तरी तिने मासे खाल्ले होते. शवविच्छेदनाचा पुरावा मिळाल्यावर १९६२ मध्ये १६ मुलांचा आजार ‘जन्मजात मिनामाता’ म्हणून मान्य झाला. जपानी कुटुंबे बाळाची वाळलेली नाळ जपून ठेवतात. पुढे अशा नाळांतही मिथिल पारा सापडला.

हे कसे घडते? मिथिल पारा सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतो. हे संयुग मेथिओनिनसारखे दिसते, म्हणून शरीर त्याला अन्न समजून वारेपलीकडे आणि मेंदूत पोहोचवते. आई वरवर धडधाकट, पण बाळाचा घडता मेंदू मात्र जखमी होतो. एक फरक लक्षात ठेवा: जन्मजात म्हणजे आनुवंशिक नव्हे. या मुलांना आजार आईवडिलांच्या जनुकांतून आला नव्हता. तो गर्भात झालेल्या विषबाधेतून आला होता.

अ‍ॅसिटाल्डिहाइडचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले आणि त्याच वर्षी सरकारने कारण मान्य केले. म्हणजे पहिल्या नोंदीनंतर १२ वर्षांनी. पाऱ्यावरील २०१३ च्या आंतरराष्ट्रीय कराराला याच गावाचे नाव आहे. भारताने तो २०१८ मध्ये स्वीकारला.

तुमच्यापैकी अनेक जण उद्या कारखान्यात काम कराल. समीकरणात जो उपपदार्थ आपण लिहीत नाही, तो कोणाच्या ताटात जातो, हे तेव्हा जरूर विचारा.