जवळ कोन हाय?

फोन कानाला लावला की आमची आजी 'हॅलो' म्हणत नाही. आधी विचारते, "जवळ कोन हाय?" पलीकडून "कुणी नाही" असं आल्याशिवाय पुढचा शब्द काढत नाही. आम्ही पोरं या सवयीला हसायचो. तिचं कारण आजीनं एका उन्हाळ्यात चिंचा फोडता फोडता सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

आजीचं माहेर बारामती तालुक्यातलं, सुप्याकडच्या जिरायती पट्ट्यातलं. सासर इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या अंगाला, भीमेच्या काठी. आज मोटारसायकलवर हे अंतर दीडेक तासाचं. तेव्हा ते वर्षाचं होतं. आषाढात तुकोबांची पालखी उंडवडीवरून बारामती, सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला यायची आणि तिच्याबरोबर माहेरची माणसं चालत यायची. दर्शनाच्या नावाखाली आजी इंदापूरला जायची आणि दिंड्यांमधून आईला हुडकायची. सापडली तर रात्रभर बोलणं, न सापडली तर पुढच्या आषाढापर्यंत वाट. "इठ्ठल तिकडं पंढरीला, माजी आई इंदापुरात," असं ती अजून म्हणते, आणि मग कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून इकडंतिकडं बघते.

मधल्या काळात कासार. तो दोन्ही तालुक्यांत फिरायचा. बांगड्या भरताना सुनेचा हात त्याच्या हातात आणि सासू शेजारी बसलेली. बांगडी चढवता चढवता तो पुटपुटायचा, "म्हातारी खाटंवर हाय." डोळ्यांत पाणी आलं तर सांगायचं काय? आजी ओरडायची, "आगंऽ, बांगडी अडली!"

पत्र यायचं ते सासऱ्यांच्या नावावर. आधी ते शाळेच्या गुरुजींकडून वाचून घेत, मग ओसरीवर मोठ्यानं सांगत, मग सासू, आणि उरलंसुरलं आत चुलीपाशी. आजीला वाचता येत नव्हतं, पण एक वाचन येत होतं. पोस्टमन दारात आला की ती कार्डाचे कोपरे बघायची. कोपरा फाटलेला असला की कुणीतरी गेलं. तिच्या आईचं कार्ड तिनं असंच दारातून, सासऱ्यांच्या आधी वाचलं.

उजनीचं पाणी भरलं तेव्हा गाव उठलं. घरं मोडणं, पत्रे-तुळया हलवणं, नव्या गावठाणात चूल मांडणं. या धांदलीत माहेरी कळवायला मोकळं कोण होतं? दिवाळीला भाऊ जुन्या वाटेनं मुळाला आला आणि पुढं बघतो तर पाणी. आजही उन्हाळ्यात धरण आटलं की जुन्या पळसदेवचं देऊळ उघडं पडतं. लोक फोटो काढायला जातात. आजीला तिथं तिचं जातं आठवतं.

मग हायवेवर एसटीडीची पिवळी पाटी लागली. काचेची पेटी, लाल आकडे पळणारं मीटर आणि बाहेर रांगेत कान टवकारलेलं निम्मं गाव. धाकट्या बहिणीशी आजी पहिल्यांदा फोनवर बोलली ती एवढंच : "बरी हाय. तू बरी हाईस न्हवं?" बहिणीच्या घरात तेव्हा काय चाललं होतं ते साऱ्यांना माहीत होतं, आणि ते त्या पेटीत बोलता येण्यासारखं नव्हतं.

देशातला पहिला मोबाईल कॉल 31 जुलै 1995 ला कोलकात्याहून दिल्लीला गेला, पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांचा केंद्रीय मंत्री सुखराम यांना. आमच्याकडं ती बातमीही कुणाला लागली नसेल. येणाऱ्या कॉलचेसुद्धा पैसे पडायचे. 2003 च्या मे महिन्यापासून ते बंद झाले आणि बायकांनी मिसकॉलची भाषा काढली. एक रिंग म्हणजे पोचले. दोन म्हणजे फोन कर. तीन म्हणजे आत्ता नको, घरात माणसं आहेत. ही भाषा कुणी शिकवली नाही, आणि मला विचाराल तर रिचार्जच्या सगळ्या स्कीमांपेक्षा ती हुशार होती.

पण फोन घरात आला तो पुरुषाच्या खिशात. माझी चुलती पहाटे चारला उठून पाच गाईंची धार काढते. लिटर, फॅट, एसएनएफ, दर असा सगळा मेसेज डेअरीतून जातो तो चुलत्याच्या मोबाईलवर. दर पडला तर तिला तो रात्री जेवताना कळतो. तिला नंबर विचारला की ती पोराचा नंबर सांगायची, तोही तोंडपाठ.

28 जून 2024 ला तेव्हाचे अर्थमंत्री, बारामतीचे आमदार अजित पवार यांनी लाडकी बहीण योजना जाहीर केली. 21 ते 65 वयाच्या बाईच्या खात्यात महिन्याला 1500 रुपये. चुलती अर्ज भरायला अंगणवाडीत बसली. सेविकाताई मोबाईलवर नारीशक्ती दूत ॲप उघडून एकेकीचा फॉर्म भरत होत्या. (2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते. ते तापायचे, अडकायचे, आणि पोषणाचं ॲप इंग्रजीत. या वेळी त्यांच्याच बोटांवर सगळी मदार होती.) चुलतीनं सवयीनं पोराचा नंबर दिला. पोरगा चाकणला कंपनीत, शिफ्टवर, फोन लॉकरमध्ये. ओटीपी तिकडं वाजला आणि विझला. दुसरा मागवला, तोही गेला. मागची बाई म्हणाली, "ताई, तुमचा सोताचा न्हाई का?"

चुलती उठली. दुसऱ्या दिवशी धार झाल्यावर एकटी भिगवणला गेली, स्वतःच्या आधारवर सिमकार्ड घेतलं, पोराचा टाकून दिलेला, काच तडकलेला फोन पुसून त्यात घातलं. संध्याकाळी मी घरी होतो. आजीपाशी ठेवलेला फोन वाजला, नंबर अनोळखी. मी उचलून आजीच्या कानाला लावला.

"जवळ कोन हाय?"

पलीकडून चुलतीचा आवाज, गोठ्यातून बोलत असावी, मागं गाय हंबरत होती. "कुणी न्हाई आत्या. एकलीच हाय."

आजीनं माझ्याकडं बघितलं. मी चिंचांचं सूप उचललं आणि अंगणात गेलो.